दहा थेंब आणि माझी भाकरी

माझ्या सासऱ्यांच्या पायावरची सूज उतरायला लागली त्याच महिन्यात मी लग्न होऊन जालन्याला आले. म्हणजे घरात दोन नव्या गोष्टी एकदमच आल्या, एक मी आणि दुसरी औषधाची बाटली. बाटलीचं कौतुक झालं.

घर जुन्या जालन्यात, मस्तगडाच्या अंगाला. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. निजामाच्या तहसील कचेरीत ते साहेबापुढं कागद मांडणारे पेशकार होते आणि आता वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, घरी बसले होते. चार पावलं चालले की त्यांना धाप लागायची. नव्या जालन्यात स्टेशनाजवळ एक दवाखाना होता, तिथल्या डॉक्टरांनी काळीज अशक्त झालंय म्हणून हिरवट थेंबांची बाटली दिली होती. जेवायच्या आधी पाण्यात दहा थेंब, दिवसातून तीनदा. सासूबाईंची नजर थेंब मोजण्यापुरती राहिली नव्हती. मी चौथी पास होते, म्हणून थेंब माझ्याकडे आले. सासूबाईंची बोटंही आखडली होती, म्हणून चूलही माझ्याकडेच आली. तेव्हा मला तो मान वाटला.

थेंब मी पितळी पेल्यात मोजायची. मामंजी एका घोटात प्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि पाटावर बसायचे.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांचं पोट दुखायला लागलं. जेवण झालं की अर्ध्या तासात कळ यायची. ते कुशीवर वळून पाय पोटाशी घ्यायचे, घटकाभरानं कळ आपोआप ओसरायची. पुढच्या जेवणाला परत तेच. आधी दोन भाकरी खाणारा माणूस दीडवर आला, मग एकीवर, मग भाकरी समोर आली की तिच्याकडं संशयानं बघायला लागला.

सासूबाईंनी हिशेब मांडला. सून आली आणि दुखणं आलं, यात शोधायचं काय? "हिच्या हाताला गुण न्हाई," त्या म्हणाल्या. मग करडीचं तेल बदललं, मिरची बंद झाली, ज्वारी दुसऱ्या दुकानातून आणली, पीठ दोनदा चाळलं. कळ काही बदलली नाही. एकदा मामंजी नात्यातल्या लग्नात जेवले आणि तिथंही पोट धरून बसले. मला वाटलं, सुटले. सासूबाई म्हणाल्या, "सकाळची हिची भाकरी अजून पोटात व्हती."

माझा नवरा जिनिंगमध्ये कामाला होता. त्याला माझ्या बाजूनं काही बोलायचं असेल तर ते त्यानं मनातच ठेवलं.

आता कुणी म्हणेल, डॉक्टरांना का सांगितलं नाही. मामंजींच्या मते छाती डॉक्टरची होती आणि पोट हकिमाचं. जन्मभर पेशकारी केलेल्या माणसाला एकाच्या हद्दीतला कागद दुसऱ्याच्या मेजावर ठेवणं जमत नाही. दर पंधरा दिवसांनी ते दवाखान्यात जायचे, धाप बरी आहे, सूज गेली आहे, एवढं सांगायचे आणि बाटली भरून आणायचे.

हकीमसाहेबांकडं तर काहीच सांगायचं नसायचं. आमच्याकडची रीतच तशी होती. सकाळी उपाशीपोटी जायचं, आदाब करायचा, उजवा हात पुढं करायचा आणि गप्प बसायचं. काय होतंय ते त्यांनी नाडीवरून ओळखायचं. आपण आधीच बोललो तर त्यांचा अपमान, आणि मग त्यांची परीक्षाही होत नाही. मामंजी म्हणायचे, "सांगूनच औषध घ्यायचं तर शेजारी काय वाईट हाय?" त्यामुळं थेंबांचं हकीमसाहेबांना माहीत नव्हतं आणि कळांचं डॉक्टरांना माहीत नव्हतं. दोघंही आपापल्या जागी हुशार होते.

पहिल्या दोन खेपेला हकीमसाहेबांनी चूर्ण दिलं. तिसऱ्या वेळी मामंजींना धरून न्यायला मी सोबत गेले होते, सासूबाईही होत्या. हकीमसाहेबांनी बराच वेळ नाडी धरली. नाडी फार सुस्त चालली आहे म्हणाले, आणि मग त्यांनी स्वतःच विचारलं, "घर के खाने में कुछ नया हुआ क्या?"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मामंजींनी बघितलं नाही, पण त्यांनी नकारही दिला नाही. मी पदर पुढं ओढला आणि जमिनीकडं बघत राहिले.

त्याच दिवशी तीर्थपुरीला माझ्या वडिलांना चिठ्ठी गेली. पोरीला चार महिने घेऊन जा, रांधायला नीट शिकवा, मग बघू. आमच्या तीर्थपुरीच्या गल्लीत अशी चार महिन्यांसाठी माहेरी आलेली एक बाई होती. मी लहानाची मोठी झाले, माझं लग्न झालं, तरी तिचे चार महिने संपले नव्हते. तिला कुणी हळदीकुंकवाला बोलवायचं नाही. मला तिचं तोंड आठवलं आणि मी चुलीपुढं बसून रडले. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या, सासूबाईंना तेवढाच आणखी पुरावा मिळाला.

रडून झाल्यावर मी विचार केला. भाकरी सगळे खातात, भाजी सगळे खातात, पोट एकट्या मामंजींचं दुखतं. मग त्यांच्या एकट्याच्या पोटात जातं ते काय? ते मीच रोज तीनदा मोजून देत होते. हे बोलायची सोय नव्हती. अंगावर आलेलं औषधावर ढकलते म्हणाले असते. म्हणून मी कुणाला न सांगता थेंब बंद केले. पेल्यात नुसतं पाणी घेऊन जायची. पितळी पेला खोल असतो, पाण्याचा रंग काही दिसत नाही. मामंजी पूर्वीसारखेच एका घोटात प्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि पाटावर बसायचे.

दोन-तीन दिवस काही फरक पडला नाही. चौथ्या दिवशी कळ कमी आली. सहाव्या दिवशी मामंजींनी दीड भाकरी खाल्ली आणि आडवे न होता पान लावून बसले. सासूबाई म्हणाल्या, "बघा, चिठ्ठी गेली तर हात कसा बराबर चालला." चूल माझी, कमाल चिठ्ठीची.

आठव्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. वाढताना मी खाली बघितलं तर त्यांचे पाय फुगले होते. अंगठा दाबला की खळगा राहत होता. पाटावरून उठताना त्यांनी भिंत धरली आणि उभ्यानं श्वास गोळा केला.

मी गप्प राहिले असते तर माझं बस्तान बसलं असतं. सून शिकली, असं सासूबाईंनी गल्लीभर सांगितलंच होतं. पाय काय, काळजाच्या दुखण्यानं सुजतातच, कुणी माझ्याकडं बोट दाखवलं नसतं. हा विचार माझ्या डोक्यात आला होता, अगदी सरळ आला होता. त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींना दवाखान्यात न्यायला टांगा आणवला आणि थेंब कोण मोजतं ते डॉक्टर विचारतील, असं सांगून मीही बसले. दवाखान्यात मामंजी म्हणाले, "सब ठीक है, जरा पाँव में सूजन है." मी पदर नाकापर्यंत ओढला आणि सासऱ्यांसमोर पहिल्यांदा परक्या पुरुषाशी बोलले. कळांचं सांगितलं, भाकरीचं आणि माहेरी गेलेल्या चिठ्ठीचं सांगितलं, आठ दिवस नुसतं पाणी दिलं तेही सांगितलं.

डॉक्टर ओरडले. आणखी आठ दिवस असेच गेले असते तर सून माहेरी जायच्या आधी सासरेच गेले असते, म्हणाले. मग ते शांत झाले आणि त्यांनी समजावून सांगितलं. जेवलं की आतड्यांना जास्त रक्त लागतं. या थेंबांनी काळीज जोर धरतं, पण कुणाकुणाच्या आतड्यांकडं जाणाऱ्या रक्ताच्या नळ्या त्यानंच आवळतात. नेमकं हवं तेव्हा रक्त कमी पोचतं आणि आतडं कळा मारतं. सगळेच डॉक्टर हे मानत नाहीत, पण मी बघितलेलं आहे, असंही म्हणाले. त्यांनी दहाचे पाच थेंब केले आणि थोडं थोडं, चार वेळा खायला सांगितलं.

म्हणजे सासूबाई अगदीच चुकल्या नव्हत्या. दुखणं माझ्याच हातून जात होतं, फक्त भाकरीतून जात नव्हतं.

परतताना मामंजी टांगेवाल्याशेजारी पुढं आणि मी मागं, पाठीला पाठ. कुंडलिका नदीचा पूल आला. मग ते पुढं बघतच म्हणाले, "साधं पाणी अन् कडू पाणी मला कळंना व्हय?"

"मंग तुम्ही बोलला का न्हाई, मामंजी?"

"हकीमसाहेबापुढं बोलतो का? बघून राह्यल्तो, तू आपणहून सांगती का न्हाई."

पाय सुजेपर्यंत, धाप लागेपर्यंत हा माणूस रोज तीनदा साध्या पाण्याला तोंड वाकडं करत होता. मला भयंकर राग आला. आज ते नाहीत, मी त्यांच्या वयाची होऊन गेले, तरी तो राग थोडा शिल्लक आहे.

घरी पोचलो तर दारात बैलगाडी सोडलेली. माझे वडील ओसरीवर बसले होते आणि सासूबाईंनी माझी पेटी बाहेर आणून ठेवली होती. वडिलांनी माझ्याकडं बघितलं नाही. मामंजी पायरीवर थांबले, श्वास गोळा केला आणि सासूबाईंना म्हणाले, "ती पेटी आत ठेवा. ही गेली तर थेंब कोण मोजंल?"

वडील जेवून एकटेच परत गेले. संध्याकाळी मी पेल्यात पाच थेंब मोजले आणि पेला मामंजींपुढं धरला. ते एका घोटात प्यायले, त्यांनी तोंड वाकडं केलं आणि पेला माझ्या हातात दिला.

"आज बराबर कडू हाय," ते म्हणाले आणि पाटावर बसले.