रोझी अलीचा कोरा गॉगल

हुशे गावात सावधगिरी शिकवावी तर रोझी अलीनेच. मशिदीबाहेर बसून तो जाणाऱ्या-येणाऱ्या हमालाला गाठतो. "दोर सोडू नकोस. ऊन चढायच्या आत खिंड ओलांड. आणि बर्फावर गॉगल काढलास तर डोळे गेलेच म्हणून समज!" वयाने मोठा, म्हणून आम्ही त्याला अपो, म्हणजे आजोबा म्हणतो आणि निमूट ऐकून घेतो.

यंदा शिखर चढायला आलेल्या मोहिमेवाल्यांनी सगळ्या हमालांना नवे गॉगल दिले. आम्ही ते डोळ्यांवर चढवले. अपोने डबीसकट सदऱ्यात खोचला. होणाऱ्या जावयाला द्यायचा होता ना! मग हा शहाणा हिमनदीवर उघड्या डोळ्यांनी चालला आणि वर आम्हाला गॉगल कसा पुसावा ते शिकवत होता.

दुसऱ्या सकाळी त्याचे डोळेच उघडेनात. मिरची पडल्यासारखा बोंबलायला लागला.

"अपो, आता तरी घाल की गॉगल," तक्की म्हणाला. तक्की आमच्यातला सगळ्यात दणकट गडी.

"आता घालून काय उपयोग? उगाच चरे पडायचे!"

तक्कीने कपाळावर हात मारला. स्वतःच्या हातमोज्यांत बर्फ भरून ते त्याच्या डोळ्यांवर बांधले, त्याला दोराने आपल्या कमरेला अडकवलं आणि बर्फातल्या खोल भेगा चुकवत आणू लागला. आम्ही ओझी घेऊन पुढे होतो. मागे बर्फ खचला. अपो भेगेत लोंबकळत होता आणि तक्की टाचा रोवून उघड्या हातांनी दोर धरून होता.

"दोन्ही हातांनी धर, अपो!"

"डबी निसटतेय रे!"

"निसटू दे मेली! इकडे मीच निसटतोय!"

"एका हाताने धरलंय की! तू ओढ, बडबडू नकोस!"

आम्ही ओझी टाकून पोचलो तोवर तक्कीच्या तळहातांची सालटी दोराला चिकटली होती. डबी शाबूत होती. मला अजून त्या डबीचा संताप येतो.

अपोचे डोळे चार दिवसांत बरे झाले. जावईही गॉगलवर खूश आहे. तक्कीला मात्र या हंगामात ओझं उचलणं जमायचं नाही. चहाचा पेलासुद्धा त्याची बायको तोंडाशी धरते. अपोची बायको कुलसुम रोज जर्दाळूचं तेल घेऊन त्यांच्याकडे जाते. काल ती नवऱ्यावर कडाडली.

"आता दिसतंय ना तुम्हाला? मग त्याचे हात एकदा बघून या."

"जाईन की," अपो म्हणाला. "डोळ्यांना अजून चालणं सोसत नाही गं."

तक्कीचं घर त्यांच्या घराला भिंत लागून आहे.