एकच मिनिटाचं काम

माझ्या धाकट्या काकांना नाही म्हणताच येत नाही. दुकानात मागून कुणी "माझं एकच मिनिटाचं काम आहे हो" म्हटलं की काका बाजूला. काकू म्हणते, यांना साखर आणायला पाठवायचं असेल तर ती संपायच्या आदल्या दिवशी पाठवावं.

काका रुग्णालयात नेटवर्क सांभाळतात. तिथल्या दोन इमारतींमध्ये एकच जुनी केबल आहे. तिच्यावरून आधी काय सोडायचं, ते काका ठरवतात. त्यांनी नियमही स्वतःसारखाच केला: लहान फाइल आधी, मोठी नंतर. चिठ्ठ्या, रिपोर्ट, निरोप भराभर पोचू लागले. सगळे खूश.

एका सोमवारी पलीकडच्या इमारतीतून सर्जनबाईंचा फोन आला.

"मेंदूचा स्कॅन कुठे आहे?"

"रांगेत आहे, मॅडम."

"दहा वाजताही रांगेतच होता."

"पहिलाच आहे. पण मध्येच एखादी लहान फाइल येते, मग ती..."

"अशा किती येतात?"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. "थांबतच नाहीत."

"पेशंट कालपासून उपाशी आहे. एकपर्यंत स्कॅन आला नाही तर ऑपरेशन परवावर जाईल. त्याच्या बायकोला तुम्ही सांगणार का?"

काका हिशोब करू लागले. स्कॅन एकदम सोडावा, तर तासभर रक्ताचे रिपोर्ट अडकणार. घड्याळात साडेअकरा.

दाराबाहेर तपासणीची रांग होती. एक गृहस्थ सिस्टरना म्हणत होते, "एकच मिनिट, फक्त सही."

"एक मिनिटवाले तीन सोडले. आता हे आजोबा जाणार. तुम्ही बसा."

"अहो, पण एकच..."

"आजोबाही सकाळी हेच ऐकत बसले होते."

काका ताडकन उठले आणि उभ्यानेच टाइप करू लागले. स्कॅनचे तुकडे केले. तीन लहान फाइली गेल्या की स्कॅनचा एक तुकडा. मग पुन्हा तीन, पुन्हा एक.

बारा चाळीसला फोन वाजला. "आला," सर्जनबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पाठोपाठ प्रशासक दारात. "माझं दोन ओळींचं पत्र अजून गेलं नाही. काय चाललंय?"

काकांनी सवयीने तोंड उघडलं, मिटलं, आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, साहेब. तुमच्या आधी एक पेशंट होता."