छत्री डाव्या हातात

आमच्या वन्सं गेली एकवीस वर्षं लोकांना नाकाने शहर दाखवतात. सकाळी सातला जुन्या वेशीपाशी दहा-बारा पाहुणे जमतात. वन्सं त्यांना तटाच्या आतल्या गल्ल्यांतून चालवत नेतात, जागोजागी काहीबाही खायला घालतात आणि दगडांच्या गोष्टी सांगतात. कोपरा यायच्या जरा आधी त्या हात वर करतात. "डोळे मिटा. पुढे काय आहे ते नाकाला विचारा."

मग बारा मोठी माणसं भर रस्त्यात डोळे मिटून उभी. दूधवाला सायकल हातात धरून बाजूने जातो, मांजर पायांतून निघून जातं, तटावरचं धुकं हळूच गल्लीत उतरतं. आणि कोणीतरी झोपेत बोलल्यासारखं म्हणतं, "पाव." डोळे उघडून चार पावलं टाकली, की खरंच समोर बेकरी.

मग एकदा वन्संना साधा ताप आला. चार दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा दूध करपून भांडं काळं ठिक्कर पडलं होतं आणि या शेजारीच बसून शांतपणे पेपर वाचत होत्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्यांनी भांड्यावर वाकून पुन्हा पुन्हा श्वास घेतला.

"काहीच नाही गं वहिनी. कोऱ्या कागदासारखं."

वास परत येईलही, नाही येणारही, असं डॉक्टर म्हणाले. वन्संनी मला शपथ घातली.

"तुमच्या भावालाही सांगायचं नाही?"

"त्याला तर मुळीच नको. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "ज्या दिवशी लोकांसमोर खोटी ठरेन, त्या दिवशी हे चालणं बंद. मग मी घरी बसून काय करायचं, ते मात्र विचारू नकोस."

ते विचारायची हिंमत मला नव्हतीच. या बाईने लग्न केलं नाही, मोठं घर केलं नाही. जे काही केलं ते या गल्ल्यांत.

म्हणून आम्ही एक युक्ती काढली. वन्संना उलट्या पावलांनी चालत, पाहुण्यांकडे तोंड करून बोलायची सवय. मी पाहुणी म्हणून सगळ्यांत मागे राहायचं, हातात छत्री घेऊन. वास आला, की छत्री उजव्या हातातून डाव्या हातात. वन्सं तेवढं बघून हात वर करायच्या. कोपऱ्यावर कसला वास असतो, ते त्यांना तोंडपाठच होतं. "तुमची वहिनी फार हौशी दिसते, रोज येते," असं गल्लीतलं कोणी म्हणालं, तर वन्सं म्हणायच्या, "तिला घरी कामं नाहीत." मी मागून डोळे वटारायची.

असे तीन महिने निभावले. मग एका सकाळी मी उठले तीच नाक चोंदलेलं घेऊन. आदल्या दिवशी न्हाऊन ओल्या केसांनी गच्चीत बसले होते, त्याचा प्रसाद. वन्संना सांगायला हवं होतं. पण वाटलं, एका दिवसाने काय होतंय? बेकरीची भट्टी बरोबर साडेसातला उघडते. नाक नसलं तरी घड्याळ आहे की.

साडेसातचा टोला पडला. मी छत्री डाव्या हातात घेतली.

वन्संनी हात वर केला. सगळ्यांनी डोळे मिटले. कोणीच बोलेना, तेव्हा वन्सं स्वतःच हसून म्हणाल्या, "एवढा ताजा पाव आणि तुम्ही गप्प?"

"पाव कुठला, बाई," पाहुण्यांतले एक म्हातारे खलाशी डोळे न उघडता म्हणाले. "चुना आहे. ओला चुना."

वळणावर बेकरीवाला शिडीवर चढून भिंतीला चुना लावत होता. भट्टी बंद. पाहुणे खो खो हसले. वन्सं नाही हसल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "माझं नाक तीन महिन्यांपूर्वीच गेलं. ती छत्रीवाली माझी भावजय, तीच माझं नाक."

नेमकी तेव्हाच मी शिंकले.

"आणि आज तेही बिघडलंय. मी तुम्हाला फसवलं. आता ही वाट संपली, आजची आणि उद्याचीही."

"मला महिन्यापूर्वीच कळलं होतं," शिडीवरून बेकरीवाला म्हणाला. "अख्खी भट्टी करपली होती आणि तुम्ही बाहेरून 'वा!' म्हणालात."

वास आल्याचं छत्री सांगायची, करपल्याचं थोडंच?

"मग बोलला का नाहीस मेल्या?"

"वीस वर्षं नुसत्या चुका काढल्यात. पहिल्यांदा 'वा' मिळाला. म्हटलं, राहू दे."

यावर वन्संनाही हसू फुटलं, पण डोळ्यांत पाणी होतं. त्या पायरीवर बसल्या. खलाशीबुवांचे डोळे अजून मिटलेलेच. ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "नवं घर घेतलं तेव्हा हाच वास होता. सामान नव्हतं. बायको ओल्या भिंतीला टेकली, तर तिच्या निळ्या झग्यावर पांढरा चंद्र उमटला. ती दिवसभर तसाच घेऊन हिंडली."

वन्संनी हळूच डोळे मिटले.

"आणखी सांगा," त्या म्हणाल्या. "गार आहे का तो वास?"

"विहिरीत डोकावल्यासारखा," एक बाई म्हणाली. "शाळेतल्या फळ्यासारखा," दुसरी. वन्सं मान डोलवत ऐकत होत्या, जणू कोणी गावाकडचं पत्र वाचून दाखवत होतं. मग उठल्या, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला. पुढच्या वळणावर काय आहे, ते मला ठाऊक आहे. पण तुम्ही सांगा."

आता वन्सं सगळ्यांत मागून चालतात. सुरुवातीलाच नाकाचं सांगून टाकतात. डोळे मिटायची पाळी आता त्यांची. माझी छत्री आडवी धरून एक टोक मी पकडते, दुसरं त्या, आणि पुढून धुक्यातून शब्द येत राहतात.

बेकरीपाशी आतून हाक येते, "आज कसा झालाय?"

वन्सं पाहुण्यांकडे कान देतात, दोघा-तिघांचं ऐकून घेतात, आणि डोळे मिटूनच ओरडतात, "दोन मिनिटं जास्त!"