नऊ ते नऊ-वीस

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका बर्फाळ चौकीवर होती. आम्ही सात जण. सेक्शन कमांडर हवालदार कांबळे, घर नावड्याला. रेडिओ माझ्याकडे. चार वर्षांची सेवा संपली. आता घणसोली गावात खोली घेऊन राहतो आणि कॉलेजला जातो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. हे नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

रोज संध्याकाळी पाचला फॉल-इन, म्हणजे रांगेत उभं राहायचं. प्रत्येकाने आपली त्या दिवसाची चूक सांगायची. सुरुवात कांबळे उस्ताद स्वतःपासून करायचे. एकदा म्हणाले, "आज चहात मीठ माझ्या हातून पडलं. जे तोंड वाकडं न करता प्यायले, त्यांच्यावर माझा भरोसा नाही." सांगितलेल्या चुकीला त्यांनी कधी शिक्षा दिली नाही.

थंडीत बॅटरी मरते, उबेला परत चालते. म्हणून स्पेअर बॅटरी शर्टाच्या आत, छातीला लावून ठेवायची, असा नियम होता. एका सकाळी गस्तीवर निघताना, काचते म्हणून मी ती पाठीवरच्या पिशवीत टाकली.

नऊच्या ठरलेल्या कॉलला रेडिओ सेट बंद पडला. स्पेअर लावली, तीही थंड. उस्तादांनी विचारलं. मी म्हणालो, डोंगर आडवा येतोय, सिग्नल नाही. आम्ही पुढे निघालो आणि बर्फाचा उतार पार केला. नऊ-वीसला मला राहवलं नाही.

"उस्ताद, दोन्ही बॅटऱ्या गेल्या. स्पेअर पिशवीत होती."

"कधी कळलं?"

"आत्ताच."

"सांगितलंस, बरं केलंस. रेडिओशिवाय पुढे नाही. मागे फिर."

स्पेअर त्यांनी स्वतःच्या शर्टात घातली. परतताना तोच उतार. एकेकाला पार करवून ते शेवटी निघाले. नऊ-पन्नासला वरून बर्फ सुटला आणि ते त्याखाली गेले.

ते सापडले तेव्हा साडेदहा झाले होते. श्वास नव्हता. त्यांच्या शर्टातली बॅटरी मी काढली. ती गरम होती. सेट चालू झाला.

"एक कॅज्युअल्टी. हवालदार कांबळे. ओव्हर."

पलीकडून म्हणाले, "रिपीट." मी रिपीट केलं.

नऊला खरं बोललो असतो, तर उताराच्या अलीकडूनच फिरलो असतो. हे मी चौकशीत सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

मागच्या महिन्यात नावड्याला उस्तादांच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं, 'आत्ताच' म्हणालो तेही. त्या बराच वेळ हातातल्या ओढणीची घडी करत राहिल्या. मी पाणीही घेतलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "ते तुमचं नाव घ्यायचे. फोनवर सांगायचे, पोरगा खोटं बोलत नाही."

मी उठलो. दारात त्यांनी थांबवलं.

"भावोजी, रविवारी मुलगी घरी असते. तिलाही हेच सांगा. माझ्याकडून नको, तुमच्या तोंडून."

उद्या रविवार आहे. सुरुवात माझ्या चुकीपासून करायची, एवढं ठरवलंय. हवालदार कांबळे तशीच करायचे.