ईस्टरनंतरचा जांभळा कपडा

चोपड्याच्या एसटी स्टँडवर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टॉवेलात गुंडाळलेला क्रूस माझ्या मांडीवर ठेवला. "पुढली खोलीमा लाव. येणाराले पह्यले तोच दिसाले पाहिजे." गाडी हलली. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गाव सोडलं, तेही जळगावच्या एका गोदामात कारकून होण्यासाठी. डोळे मात्र असे पुसले, जणू कॅनडाला निघालोय.

जळगावच्या पिंप्राळा भागात वरच्या मजल्यावर जागा घेतली आणि पुढच्या खोलीत क्रूस लावला. घरमालक नाना आठवड्याभरात आले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "आमचं काही नाही हो भाऊ. पण लोकं येतात-जातात. तेवढं आतल्या खोलीत लावा ना."

ईस्टरआधीचा उपवासकाळ संपत आला होता. त्या शेवटच्या दोन आठवड्यांत आमच्या चर्चमध्ये क्रूसावर जांभळा कपडा घालतात आणि गुड फ्रायडेला तो काढतात. मी घरीही घातला. धर्मही राहिला, खोलीही राहिली. केवढा हुशार मी! नाना खूश झाले. ईस्टर आला, गेला. कपडा तसाच राहिला.

गोदामातही तेच. उपवासकाळात शुक्रवारी आम्हाला मांस वर्ज्य. मी वांग्याचं भरीत खात बसायचो आणि शेजारचा ओरडायचा, "काय हो, आज मटण नाही? तुमच्यात तर रोजच असतं!" मी आपला हसायचो. उपास करणारा ख्रिस्ती त्यांना पटवून देण्यापेक्षा मटणखाऊ होणं सोपं होतं.

मे महिन्यात आबा न कळवता आले. खुर्चीत बसले, भिंतीकडे बघितलं.

"दादा, ईस्टर व्हई गया ना? मंग तुना घरमा देव अजून झाकेल का शे?"

"धूळ बसते, आबा."

"देवले धूळनी भीती नही. तुले कोणनी भीती शे?"

तेवढ्यात नाना टाकीच्या पाण्याचं सांगायला वर आले. खरं सांगतो, मला नानांपेक्षा आबांचा जास्त राग आला. त्यांना संध्याकाळची एसटी होती. खोली जाणार होती ती माझी. त्या रागातच उठलो आणि कपडा ओढून काढला.

"भाऊ, आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं नाना. चूक माझीच. तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं."

"मग महिनाअखेर दुसरीकडे बघा."

आबांनी शांतपणे बशीत चहा ओतला. शाबासकी वगैरे काही नाही.

गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं शहरात कोण विचारतं धर्म? सगळे विचारतात, फक्त गोड बोलून. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही काय काय झाकलंय ते मला सांगू नका. मला पाठ आहे.

त्यानंतर खोली बघायला गेलो की भाड्याआधी मीच विचारायचो, "पुढच्या भिंतीला खिळा ठोकला तर चालेल ना? क्रूस लावायचाय." चार ठिकाणी खोली एकदम 'आत्ताच गेली'. पाचव्या ठिकाणी घरमालकीण अक्का म्हणाल्या, "ठोका. पण पोपडे पडले तर गिलावा तुम्ही करायचा."

पोपडे पडले. अक्का रोज जिन्यात गाठून भांडतात, मीही आवाज चढवतो. आमचं भांडण फक्त पोपड्यांवरून होतं. सध्या मी त्यालाच घर म्हणतो.