बाहेर आलेली अनघा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी नेहमी ‘आधी दात दाखवा’ म्हणून चिडवत आले. सोलापुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी डेंटिस्ट आहे… कवटी बघून घाबरणाऱ्यांतली नाही.

कोरोनात आमची डेंटल ओपीडी कित्येक महिने बंद होती. ड्रिलचा फवारा हवेत राहतो, म्हणून पुन्हा सुरू करताना मी कडक नियम केले. काम चालू असताना दार बाहेरून कडी लावून बंद. आमच्या मदतनीस नरसम्मा मावशी लांब, कॉरिडॉरच्या काचेच्या दारापलीकडे बसणार आणि मी आतून बेल दाबली तरच कडी काढणार. मोबाईल, पर्स सगळं बाहेर. पीपीई किटमध्ये कोण आहे ते कळत नाही, म्हणून छातीवर मार्करने नाव. नियम माझेच, शहाणपणही माझंच!

सुरू करायच्या आदल्या दुपारी मी किट घालून एकटीच ट्रायलला आत गेले, मावशींनी बाहेरून कडी लावली. मार्कर वाळला होता, म्हणून किटवर नाव न लिहिताच. खुर्चीच्या नळ्यांतलं साचलेलं पाणी सोडायचं होतं. फरशीवर जंतुनाशक हायपोक्लोराइट नुकतंच मारलेलं. आणि लाईट गेली.

एक्झॉस्ट बंद… बेलही बंद. खिडकी मीच सील करून घेतलेली.

मला दमा आहे. पंप पर्समध्ये, पर्स बाहेर. मास्क ओढून काढला तर तो उग्र वास थेट छातीत शिरला. दार बडवलं, हाका मारायला गेले, पण दम लागून आवाज बाहेर पोचेना. शेवटी दारापाशी खाली बसले. घरी लेकीला ‘लवकर येते’ म्हणून आले होते, तेवढंच डोक्यात घोळत होतं. खरं सांगते, मी फार घाबरले होते.

कडी निघाली. दारात मावशी, हातात माझी पर्स.

पंप घेतल्यावर जरा वेळाने विचारलं, कसं कळलं तुम्हाला?

“तुमीच की मॅडम आलात काचेपाशी, किट घालून. म्हणालात, पर्स घ्या, कडी काढा.”

“मी तर आत होते, मावशी.”

“व्हय की. पण छातीवर ‘अनघा’ लिवलेलं हुतं. वाचूनच उठले न्हवं मी.”

सहकारी म्हणाले, दार वाजलेलं ऐकलं असेल, घाबरून गोंधळल्या. मीही तेच म्हणाले असते… पण माझं किट कोरं होतं, आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणी किट घातलंच नव्हतं. पर्सचं म्हणाल तर, पंप त्यात असतो हे मी मावशींना कधी सांगितलंच नव्हतं.

बाहेरची कडी मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकली. ओपीडी सुरळीत चालू आहे. फक्त मावशी अजूनही मी बाहेर आले की आधी माझ्याकडे नीट बघतात, मग खोलीत डोकावतात, आत कुणी राहिलंय का ते. आणि त्या बघून होईपर्यंत मीही तिथून हलत नाही.