कुसुमताईंची सप्टेंबरची लाट

कुसुमताई आगाशे यांच्याकडे कुणी साखर मागितली तर त्या डबा पुढे करत. आकडे मागितले तर पाणीसुद्धा विचारत नसत. कर्वेनगरच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी हवा ओढून घेणारं एक यंत्र बसवलं होतं. हवेतले परागकण आणि बुरशीचे बीजाणू त्यातल्या चिकट काचपट्टीवर येऊन बसत आणि ताई ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. रोज. संपाच्या दिवशी, सुट्टीच्या दिवशी, एकदा तर सख्ख्या भाच्याची मुंज लागत असताना त्या मंडईमागच्या घरातून लुनावर टांग टाकून गच्चीवर पोचल्या होत्या.

दरम्यान पुणं पालटलं. जो तो संगणकाच्या मागे लागला, खराडीत काचेच्या इमारती उठल्या आणि वनस्पतिशास्त्राचे बाक ओस पडले. "झाडं शिकून पगार कोण देणार?" असं एका पालकांनी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "कुणी नाही. झाडं श्वासही फुकटच देतात, म्हणून तर त्यांना किंमत नाही."

पण त्यांचं नाव झालं ते याच मोजणीमुळे. पाऊस ओसरू लागला की पुण्याच्या हवेत बुरशीचे बीजाणू एकाएकी वाढतात, असा शोधनिबंध त्यांनी लिहिला. ओल्या पालापाचोळ्यावर ऊन पडतं, हे त्याचं कारण त्यांनी दिलं होतं. 'सप्टेंबरची लाट' हे नाव पुढे रूढच झालं. दम्याचे डॉक्टर त्यांना व्याख्यानाला बोलावू लागले. निबंधात महिन्याच्या सरासरीचा एक देखणा आलेख होता. रोजचे आकडे मात्र ताईंच्या कपाटात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या म्हणत. आपण राबायचं आणि आयत्या बिळावर कुणी नागोबा येऊन बसायचा, ही त्यांना खरीच धास्ती होती.

निवृत्ती तोंडावर आली असताना त्यांचा नवा निबंध एका जर्नलने अडवला. आकडे सगळ्यांसाठी खुले करा, जुन्या निबंधाचेसुद्धा, मगच छापू, असं संपादकांनी कळवलं. ताई चार दिवस धुसफुसल्या आणि शेवटी भाच्याला, खराडीत नोकरी करणाऱ्या आमोदला, घरी बोलावलं. त्याने दोन रविवार खर्ची घालून सगळे आकडे इंटरनेटवर चढवले. निबंध उघडला की त्याच्याखाली आकडे, आणि आकड्यांना जोडलेला वर्गातला एक धडा, अशी सोय त्याने केली. धडा ताईंनीच लिहिला होता. मुलांनी मूळ आकड्यांवरून ताईंचाच आलेख पुन्हा काढायचा, की झालं. त्याहून वेगळं काही निघेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

जुलैमध्ये वर्गात पूर्णिमा वानखडे नावाची यवतमाळची मुलगी उभी राहिली. "मॅडम, मी महिन्याऐवजी रोजचा ग्राफ काढला. तुमची लाट दर वर्षी जागा बदलते."

"म्हणजे?"

"कधी ऑगस्ट एंड, कधी सप्टेंबरच्या मध्यात. पण दर वर्षी गणपती बसायच्या आदल्या आठवड्यातच. महालक्ष्म्यांना घरी जायचं ट्रेनचं तिकीट मीच काढते ना, त्या तारखा पाठ आहेत मला."

"वा! म्हणजे पुण्याची हवा आता पंचांग बघून वाहते तर."

वर्ग खो खो हसला. पूर्णिमा खाली बसली. ताईही हसल्या, पण घरी गेल्यावर त्यांनी आमोदला जुन्या वर्षांच्या तिथी काढायला लावल्या आणि हातातला चहा तसाच निवून गेला. पोरीचं बरोबर होतं. आणि कारणही त्यांना त्याच क्षणी समजलं.

कॉलेजच्या उत्सव समितीच्या प्रमुख कुसुमताईच होत्या. पावसाळाभर खालच्या खोलीत कुबट झालेल्या सतरंज्या गणपतीआधी त्या गच्चीवर न्यायला लावत आणि स्वतः उभ्या राहून झोडपून घेत. "गोंजारताय काय? धूळ उडू दे!" ती बुरशी चार पावलांवरच्या यंत्रात जात होती. म्हणजे सप्टेंबरची लाट पुण्याची नव्हतीच, सतरंज्यांची होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ताईंना रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मुलीचा, आमोदचा, त्या जर्नलचा. आठवडाभर त्यांनी पूर्णिमाकडे पाहिलंसुद्धा नाही. सतरंज्यांचं कुणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. यंदाही नेहमीसारख्या झोडपल्या असत्या, तर लाट हमखास आली असती, आणि नाव शाबूत ठेवून निवृत्त होता आलं असतं. हा विचार त्यांच्या मनात आला, एकदा नव्हे, अनेकदा.

आठवड्यानंतर त्यांनी पूर्णिमाला गच्चीवर बोलावलं आणि सतरंज्यांची हकिगत जशीच्या तशी सांगितली. त्या वर्षी सतरंज्या टेम्पोत घालून गावाबाहेरच्या मैदानावर झोडपायला पाठवल्या. गच्चीवरच्या पट्ट्या दोघींनी वेगवेगळ्या मोजल्या, एकमेकींना न सांगता. प्रत्येक पट्टीला ताईंना मनातून वाटे, वाढू दे, थोडी तरी वाढू दे. गणपती आले, गेले. लाट आली नाही.

जर्नलमध्ये दुरुस्ती छापून आली. आता जुना निबंध उघडला की सगळ्यात आधी तीच दिसते, खाली नवे आकडे आणि त्यांच्याखाली बदललेला धडा. डॉक्टरांची बोलावणी थांबली. नाशिकच्या एका कॉलेजातून मात्र विचारणा आली, हा धडा आम्ही शिकवू का? ताईंनी कळवलं, जरूर, आणि आमच्या आणखी चुका सापडल्या तर कळवा.

दुरुस्तीवर पहिलं नाव पूर्णिमाचं होतं. ते बघून तिने स्टाफरूममधूनच घरी फोन लावला. पलीकडे तिची आई, सत्यशीलाबाई, घाबरल्या आणि मॅडमनाच फोन दे म्हणाल्या.

"मॅडम, पोरीनं तुमची चूक काढली म्हणते. लहान आहे जी, मनावर घेऊ नका. रागावल्या तर नाही ना तुम्ही?"

"रागावले होते हो," कुसुमताई म्हणाल्या. "चांगली आठवडाभर रागावले होते. मग आम्ही दोघींनी मोजलं."